मास्टर भगवान : पिटातल्या प्रेक्षकांचा नट

कलेच्या इतिहासात एक मोठे वैगुण्य असते. जे शिल्लक राहिले तेवढेच घडले, असे तो नकळत समजून चालतो. ताम्रपट सापडला की राजा खरा ठरतो. न सापडला तर त्याचे राज्य दंतकथेत जमा होते. प्राचीन काळाविषयी असे व्हावे यात नवल नाही. परंतु जी कला आमच्या आजोबा-पणजोबांच्या डोळ्यांदेखत जन्मली, त्या चित्रपटकलेच्या बाबतीतही हेच घडलेले पाहून मन खिन्न होते. आपल्या देशात सुमारे १,३०० मूकपट निघाले असे जाणकार सांगतात; त्यांतले फारच थोडे आज पाहावयास मिळतात. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकला. त्याचीही प्रत आज कोठे नाही. अशा स्थितीत कोणत्याही जुन्या नटाविषयी निर्णय देताना आपण त्याच्या कर्तृत्वाला न्याय देत आहो की केवळ उरलेल्या फितींना, हा प्रश्न स्वतःस विचारणे अगत्याचे ठरते. या लेखात आम्ही तो मास्टर भगवान यांच्याविषयी विचारणार आहो.

भगवान हे नाव उच्चारताच वाचकांच्या डोळ्यांपुढे कोणते चित्र उभे राहील, हे ओळखण्यास ज्योतिषी नको. किंचित स्थूल, ठेंगणेसे शरीर. चेहऱ्यावर भाबडे, काहीसे खट्याळ हसू. छातीच्या उंचीवर अर्धवट उचललेले हात. आणि जागच्या जागी झुलणारी पावले. हे चित्र १९५१ सालच्या 'अलबेला' या चित्रपटातले. सत्तर वर्षे उलटून गेली तरी ते पाऊल जिवंत आहे. अंधेरी-बोरिवलीकडे जा किंवा घाटकोपर-मुलुंडकडे जा, गणपतीच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत कोणी ना कोणी प्रौढ गृहस्थ, एरवी वर्षभर कचेरीच्या गाडीखेरीज कशाच्याही मागे न धावणारा, हात अर्धे वर करून अगदी तसाच डुलू लागतो. नाचाचा हा प्रकार त्यास कोणी शिकविलेला नसतो, आणि कोणापासून आला हेही बहुधा त्यास ठाऊक नसते. एखाद्या कलावंतास याहून मोठी पावती ती कोणती मिळावयाची?

परंतु या एका चित्रपटामुळे भगवान यांच्यावर एक अन्यायही झाला आहे. 'अलबेला' पडद्यावर आला तेव्हा त्यांचे वय ३८ वर्षांचे होते आणि चित्रपटव्यवसायात त्यांची वीस वर्षे गेली होती. त्या वीस वर्षांत त्यांनी काय केले? चित्रपटांच्या बहुतेक इतिहासांत याचे उत्तर एका ओळीत आटोपते : 'मारधाडीचे अल्पखर्ची चित्रपट काढले.' ती ओळ खोटी नाही. तिच्यात किती काय दडलेले आहे, एवढेच आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

भगवान आभाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी झाला. वडील कापडगिरणीत कामगार होते. मुंबईच्या कामगार वस्तीत ते लहानाचे मोठे झाले. काही काळ त्यांनी स्वतःही मजुरी केली. शिक्षण बेताचे, पण दोन नाद जबर : एक कुस्तीचा आणि दुसरा चित्रपटांचा. पुढे लोक त्यांस 'भगवानदादा' म्हणू लागले, त्या 'दादा'त पहिल्या नादाचा वाटा मोठा होता. त्या काळच्या तरुणांवर डग्लस फेअरबँक्स या अमेरिकन नटाने मोहिनी घातली होती. १९२४ सालच्या त्याच्या 'द थीफ ऑफ बगदाद'मधील उड्या पाहून तशाच उड्या घेऊ पाहणारी पोरे मुंबईच्या गल्लोगल्ली होती. आपल्याकडे तोच मान मास्टर विठ्ठल यांस मिळाला. मूकपटांत तलवार गाजविणारा हा मराठी नट पुढे 'आलम आरा'चा नायक झाला. भगवान हे याच परंपरेतले. मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत 'बेवफा आशिक' या चित्रपटातून त्यांनी पडद्यावर पाऊल टाकले, आणि मूकपट मागे पडताच 'हिम्मत-ए-मर्दा'सारख्या बोलपटांतून ते पुढे आले. आपल्या करामती ते स्वतःच करीत. धोक्याच्या जागी दुसऱ्यास उभे करण्याची सोय त्यांच्या चित्रपटांना परवडणारी नव्हती आणि त्यांच्या स्वभावालाही ती मानवणारी नव्हती.

येथे या जातीच्या चित्रपटांविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. १९३५ साली वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' निघाला आणि नादियाच्या चाबकाने साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले. त्या यशानंतर 'स्टंटपट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटांचे पीकच आले. अमेरिकेत याच सुमारास अल्पखर्ची चित्रपटांचा वेगळा बाजार उभा राहिला होता. रिपब्लिक, मोनोग्राम अशा लहान कंपन्या थोड्या दिवसांत, थोड्या पैशांत चित्रपट काढीत. हॉलिवूडच्या त्या भागाला लोक थट्टेने 'दारिद्र्याची आळी' म्हणत. तेथील एकच नट आज शेरीफ, उद्या वेडा शास्त्रज्ञ, तर परवा दरोडेखोर होई. परंतु त्या मंडळींना एक आधार होता. तेथील चित्रगृहांत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवीत, आणि मोठ्या चित्रपटाच्या जोडीस हा लहान चित्रपट ठराविक भाड्याने जाई. तो फारसा कोणास आवडला नाही तरी भाडे बुडत नसे. आपल्याकडे ही चाल रूढ नव्हती. येथला अल्पखर्ची चित्रपट एकटाच प्रेक्षकांपुढे उभा राही, आणि पडला म्हणजे काढणाऱ्यास घेऊन पडे.

अशा बाजारात भगवान यांनी १९३८ साली चंद्रराव कदम यांच्या जोडीने 'बहादुर किसान' या चित्रपटाचे दिग्दर्शन केले. तेथून १९४९ पर्यंत त्यांची जी कारकीर्द झाली, तिलाच आम्ही त्यांच्या आयुष्याचा कणा समजतो. पासष्ट हजार रुपयांच्या आसपास त्यांचा एकेक चित्रपट पुरा होई, असे सांगतात. एवढ्या पैशांत चित्रपट काढणे म्हणजे काय, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. कथा जुळविणे, नट गोळा करणे, हाणामाऱ्या बसविणे, मुख्य भूमिका करणे आणि दिग्दर्शन करणे ही कामे तर होतीच. शिवाय मंडळींच्या कपड्यांची आणि जेवणाची व्यवस्थाही तेच पाहत. अष्टपैलू हा शब्द आपण हल्ली फार स्वस्त केला आहे. येथे तो शोभेसाठी नाही. एका माणसाने आठ कामे केली नाहीत तर चित्रपट पुराच होणार नाही, अशी ती परिस्थिती होती. नाटकमंडळीचा मालक, नायक आणि मुनीम एकच असावा, तशी ही गोष्ट.

या काळात त्यांचा संचार केवळ मुंबईपुरताही नव्हता. 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी' या दोन तामिळ चित्रपटांचे दिग्दर्शन त्यांनी १९४०-४१ च्या सुमारास केले. 'वनमोहिनी' तर जंगलात घडणारी अद्भुत कथा. तिच्यात थवमणी देवी आणि एम. के. राधा यांच्या भूमिका होत्या. या चित्रपटांचे संगीत त्यांनी एका होतकरू मराठी तरुणाकडे सोपविले. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे हे रामचंद्र नरहर चितळकर पुढे सी. रामचंद्र या नावाने हिंदी चित्रसंगीतातील अग्रगण्य संगीतकार झाले. हिंदीतही स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांस पहिली संधी भगवान यांच्याच १९४२ च्या 'सुखी जीवन'ने दिली. ज्या स्टंटपटांकडे पाहून सुशिक्षितांनी नाके मुरडली, त्यांच्याच उंबरठ्यावर एका थोर संगीतकाराने उमेदवारी केली, ही गोष्ट विसरता कामा नये.

हे चित्रपट कोणासाठी होते? आमचे उत्तर असे की, ते पिटात बसणाऱ्यांसाठी होते. पडद्याच्या अगदी पुढ्यात, सर्वांत स्वस्त तिकिटाच्या जागी बसून जो टाळ्या-शिट्यांचा पाऊस पाडी, तो गिरणगावचा, गोदीचा, कारखान्याचा मजूर. त्याच्या शेजारी बसलेला कोणी कोकणातला, कोणी घाटावरचा, कोणी उत्तर हिंदुस्थानातला, तर कोणी तेलंगणातला. संस्कृतप्रचुर किंवा उर्दूप्रचुर संवाद यांतील अर्ध्यांच्या डोक्यावरून जात. परंतु अन्याय करणारा जमीनदार, त्याचे गुंड आणि त्यांच्याशी एकटा झुंजणारा गडी ही भाषा सर्वांस कळे. दिवसभर यंत्रापुढे शिणलेल्या देहाला पडद्यावरचा एक स्वतंत्र, चपळ देह पाहून जे समाधान मिळे, त्याची टवाळी करण्याचा अधिकार आरामखुर्चीत बसणाऱ्या आम्हा लोकांस नाही. आणि त्या पडद्यावरचा गडी स्वतः गिरणीकामगाराचा मुलगा होता, हे पाहणाऱ्यांस न सांगता उमगत असले पाहिजे.

या साहसी धंद्याची दुसरी बाजू लपवून ठेवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रणात एका प्रसंगी भगवान यांना ललिता पवार यांच्या थोबाडीत मारावयाची होती. तो फटका इतक्या जोराने बसला की त्या गुणी नटीच्या चेहऱ्याची शीर दुखावली. तीन वर्षे उपचार झाले. तरी डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कारकीर्द तेथेच संपली, आणि ललिताबाईंनी पुढे खाष्ट सासूच्या आणि आईच्या भूमिकांतून नवे आयुष्य उभारले, ते त्यांच्या जिद्दीचे फळ होय. भगवान यांनी हे जाणूनबुजून केले असे कोणीच म्हटलेले नाही. पण ज्या चित्रणात फटका खरा आणि उडीही खरी, तेथे जखमही खरीच होणार. सुरक्षिततेला पैसा लागतो, आणि पैसा तर नव्हता. स्वस्त चित्रपटाची किंमत कोणी ना कोणी आपल्या अंगाने चुकती करीतच असते.

त्याच वर्षी भगवान स्वतः निर्माते झाले. 'जागृती पिक्चर्स' ही त्यांची संस्था. पुढे १९४७ साली त्यांनी चेंबूर येथे जागा घेऊन 'जागृती स्टुडिओ' उभारला. आमच्या उपनगरवासी वाचकांस या ठिकाणी विशेष जिव्हाळा वाटावा. हिमांशु राय यांच्या बॉम्बे टॉकीजने १९३४ साली मालाडची वाट धरली. अंधेरीस प्रकाश पिक्चर्सचा स्टुडिओ होता. १९४३ साली गोरेगावला फिल्मिस्तान आले. बोलपटास शांतता हवी, सेट उभारावयास मोकळी जमीन हवी आणि कामगारांना ये-जा करावयास आगगाडी हवी. हे तिन्ही त्या काळच्या उपनगरांत होते. ही गावे तेव्हा मुंबई शहराच्या हद्दीतही नव्हती; १९५० आणि १९५७ साली हद्द वाढली तेव्हा ती बृहन्मुंबईत आली. चेंबूरला राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ १९४८ साली उभा राहिला. त्याच्या एक वर्ष अगोदर एका गिरणीकामगाराच्या मुलाने त्याच गावात स्वतःच्या मालकीचा स्टुडिओ बांधला होता. पहिल्याची विक्री झाली तेव्हा सर्व वृत्तपत्रांनी अश्रू ढाळले. दुसऱ्याचे नाव आज किती चेंबूरकरांना ठाऊक आहे?

१९४९ साली भगवान यांचा 'भेदी बंगला' हा रहस्यपट चांगला चालला. तो पाहून राज कपूर यांनी त्यांस सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला असे सांगतात. त्यातून 'अलबेला' निघाला. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक तिन्ही भगवानच. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचे, गीते राजेंद्र कृष्ण यांची. लता मंगेशकर यांच्या जोडीला पुरुषाचा आवाज स्वतः सी. रामचंद्र यांनी 'चितळकर' या नावाने दिला. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह त्यात पडद्यावरही दिसतात. 'आवारा' आणि 'बाजी' हे बडे चित्रपट त्याच १९५१ सालचे. त्यांच्या बरोबरीने हा स्टंटवाल्याचा चित्रपट प्रचंड गाजला.

त्याचे कथानक साधे आहे. एक गरीब, काहीसा उनाड तरुण रंगभूमीवर नाव काढण्याची स्वप्ने पाहतो. घरी बहिणीच्या लग्नाला पैसा नाही. घरच्यांच्या बोलण्याला कंटाळून तो बाहेर पडतो आणि खरोखरच मोठा नट होतो. यात भगवान यांनी आपलेच चरित्र रंगविले, हे चटकन ध्यानात येते. परंतु आम्हांस महत्त्वाचे वाटते ते त्यांचे नृत्य. शास्त्राच्या कसोटीवर त्याला नृत्य म्हणावे की नाही, याचा वाद पंडितांनी खुशाल घालावा. कुस्तीच्या आखाड्यात जोडीदाराचा अंदाज घेत पैलवान जसा गुडघ्यांत किंचित वाकून, हात अर्धे पुढे धरून, वजन या पायावरून त्या पायावर घेत फिरतो, तसेच ते पाऊल आहे. फक्त त्यातील वैर काढून टाकले आहे. बारा वर्षे मारामाऱ्या करून जो देह तयार झाला, त्याने या वेळी कोणास मारले नाही, एवढाच फरक. म्हणून त्या नाचात पोट सुटलेला माणूसही हलका दिसतो. आणि म्हणूनच तो कोणासही, कसलाही अभ्यास न करता, साधतो. पुढे अमिताभ बच्चन यांच्या पदन्यासावर याची छाया पडली असे अनेक जाणकारांनी म्हटले आहे, ते आम्हांस पटते. स्टंटपटांची वीस वर्षे वजा केली, तर 'अलबेला'तले ते पाऊल उरतच नाही.

उत्कर्षाच्या दिवसांत जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या वारांप्रमाणे सात मोटारी, असे भगवान यांचे वैभव लोक वर्णन करीत. १९५३ च्या 'झमेला'ने 'अलबेला'ची पुनरावृत्ती करू पाहिली. ती तितकी साधली नाही. 'हँसते रहना' हा चित्रपट पुरा होऊ शकला नाही. १९६६ च्या 'लाबेला'लाही यश आले नाही. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओही गेला. 'झनक झनक पायल बाजे', 'चोरी चोरी', 'गेटवे ऑफ इंडिया' यांसारख्या चित्रपटांतील लहान भूमिका त्यांनी मन लावून केल्या. पुढे पुढे तर केवळ एखाद्या गाण्यात आपले ते प्रसिद्ध पाऊल दाखविण्यापुरते ते पडद्यावर येत. अखेरचे दिवस दादरच्या चाळीतील दोन खोल्यांत काढून ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

या उत्तरार्धावरून उधळेपणाचा धडा काढणे फार सोपे आहे, आणि पुष्कळांनी तो काढलाही आहे. त्यात थोडे तथ्य असेल. परंतु आम्हांस तो धडा अपुरा वाटतो. ज्याने आयुष्यभर एका चित्रपटाची मिळकत दुसऱ्या चित्रपटात ओतली, ज्याच्यापाशी ना घराण्याचा पैसा ना सावकारांचा विश्वास, त्याचे दोन-तीन चित्रपट पडले की सर्वस्व जाणारच. मोठ्या कंपनीच्या अपयशाला आपण 'व्यवसायातील चढउतार' म्हणतो. कामगाराच्या मुलाच्या अपयशाला 'उधळपट्टी' म्हणतो. शब्दांची ही निवड तपासून पाहण्याजोगी आहे.

याहूनही मोठी हानी वेगळीच झाली. गोरेगाव येथील एका गोदामास लागलेल्या आगीत भगवान यांच्या जुन्या चित्रपटांच्या बहुतेक मूळ फिती जळून गेल्या. त्या काळची फीत नायट्रेटची. ती दारूसारखी पेट घेते आणि पाण्यानेही सहजी विझत नाही. अमेरिकेतील 'दारिद्र्याच्या आळी'ला येथेही दैव अनुकूल निघाले. १९५० नंतर तेथे दूरदर्शन घरोघर पोहोचले आणि वेळ भरून काढण्यासाठी त्याने जुने अल्पखर्ची चित्रपट घाऊक विकत घेतले. त्यामुळे ते टिकले, आणि आता विद्वान त्यांवर प्रबंध लिहितात. मुंबईस दूरदर्शन आले ते १९७२ साली. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयदेखील १९६४ सालचे. तोपर्यंत स्टंटपटांना कोणी विचारीनासे झाले होते.

आणि ते कोणी विचारीनासे झाले, त्या 'कोणी'मध्ये आम्हीही येतो, हे कबूल केल्यावाचून लेख पुरा करणे योग्य होणार नाही. आमचे बालपण घाटकोपरला एका शिक्षकाच्या घरात गेले. 'मारामारीचे चित्रपट' हे शब्द आमच्या घरी ज्या स्वरात उच्चारले जात, त्या स्वरातच त्यांचा निकाल लागलेला असे. पुढे महाविद्यालयात आम्ही वर्षानुवर्षे मराठी माणसांच्या चित्रपटांवर व्याख्याने दिली. व्हेनिसला गौरविलेल्या 'संत तुकाराम'वर आम्ही तास तास बोललो, आणि ते योग्यच होते. परंतु भगवान यांचे नाव आमच्या टिपणांत केवळ एका कंसात होते. एके वर्षी एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, माझे पणजोबा गिरणीत होते. ते कोणते चित्रपट पाहत?" आम्ही उत्तर दिले खरे, पण दाखविण्यास आमच्यापाशी एकही फीत नव्हती. त्या मुलाच्या पणजोबांनी ज्याच्यावर टाळ्या वाजविल्या, ते सारे राख झाले होते. जपून ठेवावे असे आमच्यासारख्यांस कधी वाटले नाही, हेही त्या राखेचे एक कारण होय.

२०१६ साली 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट निघाला आणि मंगेश देसाई यांनी त्यात भगवान यांची भूमिका केली, तेव्हा नव्या पिढीस त्यांची ओळख झाली. ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि जळालेले परत येत नाही. जे आहे ते तरी नीट जतन व्हावे : जुन्या जाहिराती, गाण्यांची पुस्तके, चित्रगृहांच्या वह्या, आणि पिटात बसून हे चित्रपट पाहिलेल्या वृद्धांच्या आठवणी. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत असे एखादे चिटोरे असेल, तर ते रद्दीत घालू नये, एवढीच आमची विनंती आहे.

येत्या विसर्जनाच्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे घराच्या सज्जात उभे राहू. खालून मिरवणूक जाईल, ताशा कडाडेल, आणि कोणी तरी हात अर्धे उचलून डुलू लागेल. कोणत्याही गोदामात नसलेली ती एवढीच प्रत आगीच्या हाती लागली नाही.